बाबांना टीबी नव्हता, मेलिऑयडोसिस होता

टीबीची औषधं सुरू होऊन महिना होत आला तरी बाबांचा ताप हटेना. संध्याकाळ झाली की हुडहुडी भरायची आणि रात्री अंथरूण घामानं भिजायचं. खोकला होता, वजन उतरलं होतं, एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, सीबीनॅट ही टीबीची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह होती, तरी लक्षणांवरून औषधं चालू केली गेली. आमच्या सिंधुदुर्गात असा ताप आणि असा डाग म्हटला की पहिलं नाव टीबीचंच येतं.

त्यातच मांडीवर गळू आलं. ते फोडून पू तपासायला दिला. रिपोर्टमध्ये 'स्युडोमोनास' लिहून आलं. बाहेरून जखमेत शिरलेला जंतू असेल, असं म्हणून तो कागद फायलीत गेला.

जेवण पार तुटल्यावर बाबांना गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फाइल चाळली आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, यंदा लावणीला चिखलात उतरला होतात का? साखर कधीपासून आहे?" बाबांचा मधुमेह जुना. जुलैत सगळा तरवा त्यांनी अनवाणीच लावला होता. सोनोग्राफीत यकृतात आणि प्लीहेत बारीक बारीक गळवं दिसली. मॅडमनी त्याच दिवशी रक्त, लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब आणि पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवलं आणि स्वतः लॅबला फोन करून मेलिऑयडोसिसचा संशय आहे ते सांगितलं.

त्या फोनला मी सगळ्यात जास्त मानते. या रोगाचा जंतू, बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय, माती आणि पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात कातडीवरच्या जखमेतून, श्वासातून किंवा पाण्यावाटे शरीरात शिरतो. कल्चरमध्ये तो सावकाश वाढतो आणि कशाचा संशय आहे हे माहीत नसलं तर साधा स्युडोमोनास म्हणून सहज बाजूला पडतो. त्याला ओळखायची एक खूण आहे: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ही अँटिबायोटिक्स त्याच्यावर सहसा चालत नाहीत, ऑगमेंटिन मात्र चालतं. आमच्या जुन्या रिपोर्टात नेमकं हेच छापलेलं होतं. लॅबच्या डॉक्टरांनी नंतर मोबाइलवर जंतू वाढवलेल्या प्लेटचा फोटो दाखवला. जांभळट, कोरड्या, वाळलेल्या कोकमाच्या सालीसारख्या सुरकुतलेल्या वसाहती होत्या त्या.

या रोगाचं पहिलं वर्णन रंगूनमधल्या रुग्णांवरून १९१२ साली प्रसिद्ध झालं, व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांच्या नावानं. शंभराहून जास्त वर्षं झाली, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, केरळात, गोव्यात रुग्ण सापडतात, आणि आपल्याकडे अजून किती जण टीबीच्या गोळ्या खात झिजत असतील, या विचारानं मला आजही राग येतो.

टीबीची औषधं बंद झाली आणि शिरेतून सेफ्टाझिडीम सुरू झालं. हे इंजेक्शन किमान दोन आठवडे द्यावं लागतं. पोटात गळवं असल्यामुळे बाबांना त्याहून जास्त दिलं. ताप लगेच उतरणार नाही, आठवडाभर किंवा जास्तही राहील, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. तसं सांगितलं नसतं तर आम्ही घाबरून हॉस्पिटल बदललं असतं. आठवडा उलटून गेल्यावर एका संध्याकाळी हुडहुडी आली नाही आणि बाबांनी पेज मागितली. भेटायला येणारे दारातूनच परत जायचे. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, हे प्रत्येकाला समजावत बसावं लागलं.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. इंजेक्शननंतर को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. आत दडलेला जंतू नाहीतर पुन्हा उठतो आणि उलटलेला आजार जिवावर बेततो. गोळी स्वस्त, पण डोस मोठा. तिच्यात सल्फा असतो, म्हणून आधी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारलं, सोबत फॉलिक ॲसिड दिलं, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, शिवाय पोटॅशियम, रक्तपेशी वरचेवर तपासायला लावल्या. पोटॅशियम वाढलं तेव्हा शहाळं बंद करायला सांगितलं. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो, त्यामुळे हे पाळणं फार जड गेलं. मळमळ व्हायची. अंगात ताकद आल्यावर बाबा रोज म्हणायचे, "आता माका बरा वाटता, मगे गोळये कित्याक?" आईनं एकही गोळी चुकू दिली नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झालं, कारण साखर ताब्यात नसली तर या जंतूला रान मोकळं मिळतं.

शेवटच्या सोनोग्राफीत गळवं विरलेली दिसली. यंदा बाबा गमबूट घालून भाताच्या कुणग्यात उतरले, आणि पायाला जखम होती तेवढे दिवस बांधावरच उभे राहिले. कल्चरच्या रिपोर्टची एक प्रत त्यांच्या साखरेच्या फायलीत सगळ्यात वर लावली आहे. ताप आला तर कुठल्याही दवाखान्यात आधी हा कागद दाखवायचा, असं मॅडमनी बजावलं आहे.