वहीत सारखं एकच नाव येत होतं

आधीच सांगून टाकते, मला आकाशवाणी वगैरे कधी झालेली नाही आणि देवाचा आवाज असा कानाने आजपर्यंत एकदाही ऐकलेला नाही. त्यामुळे तसलं काही वाचायला आला असाल तर निराशा होईल.

प्रार्थना मी लहानपणापासून करतेय, रोज, पण खरं सांगायचं तर ती यादी असायची. ह्याला बरं कर, तिचं लग्न जमू दे, माझी परीक्षा, नंतर माझं ऑफिस, आमेन, लाईट बंद. आणि चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उभं राहून "प्रभू माझ्याशी बोलला" म्हणालं की मला आत कसंतरी व्हायचं, थोडा हेवा, थोडा संशय.

शेवटी मंडळीतल्या एका मावशींना विचारलंच, की हे ऐकणं म्हणजे नक्की करायचं काय. वाटलं आता प्रवचन मिळणार. त्या एवढंच म्हणाल्या, "आठवडाभर काही मागू नकोस. बाकी काय हवं ते बोल." सोपं वाटतं ना? दुसऱ्याच दिवशी दोन मिनिटांत माझे विषय संपले. इतक्या वर्षांची ओळख आणि मागणं सोडून बोलायला काही नाही, लाजच वाटली मला.

मग दहा मिनिटं नुसतं गप्प बसायचं ठरवलं. सुरुवातीला छोटा उतारा हळूहळू वाचायचा, एखादा शब्द अडला तर तिथेच थांबायचं, त्यावर मनन, मग प्रार्थना, मग शांत. (ही पद्धत जुनी आहे, बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, मला वाटायचं हल्लीचंच काहीतरी आहे.) पण शांत बसलं की डोक्यात बाजार भरायचा. मेल पाठवायचा राहिला, डॉक्टरची अपॉइंटमेंट, पाठ दुखतेय, आणि कित्येकदा सरळ झोप. मावशी म्हणाल्या वही घेऊन बस, जे आडवं येईल ते एका शब्दात लिही आणि परत ये. तेही सुरू केलं.

ह्याच काळात मी एक मोठी चूक केली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक नवी नोकरी मला मनापासून हवी होती. प्रार्थनेत बसले की छातीत नुसतं धडधडायचं, मी म्हटलं हाच संकेत, मग बायबल मध्येच कुठेतरी उघडलं, समोर जे वचन आलं त्याचा मला हवा तसा अर्थ लावला आणि सगळ्यांना सांगून मोकळी झाले की देवाने सांगितलंय. आता असं म्हटल्यावर समोरचा काय बोलणार? वाद घालायचा तर थेट देवाशीच. नोकरी मिळाली, चार महिन्यांत मी परत दुसरी शोधत होते. तेव्हापासून "देवाने मला सांगितलं" हे वाक्य मी फार जपून वापरते, आणि कोणी सारखं वापरत असेल तर जरा लांबच राहते.

त्यानंतर आधी सैनिक आणि पुढे संत झालेल्या इग्नेशियस लोयोलाबद्दल वाचनात आलं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, माणूस कित्येक महिने अंथरुणात. पडल्या पडल्या कधी शौर्याची, दरबाराची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांसारखं जगायचं मनात आणायचा. दोन्ही विचार करताना छानच वाटायचे. पण पहिले ओसरले की मन कोरडं पडायचं, दुसऱ्यांनंतर समाधान टिकून राहायचं. फरक नंतर कळत होता. मी नोकरीचं आठवून बघितलं तर हुबेहूब तेच, प्रार्थनेत जोश आणि संध्याकाळी चिडचिड, बेचैनी, ती मी बघितलीच नव्हती. आता मोठं काही असेल तर मी थांबते, चार दिवसांनी ते कसं वाटतं बघते, पवित्र शास्त्राच्या विरुद्ध जात नाही ना बघते, आणि मला तोंडावर नाही म्हणेल अशा एकाला तरी विचारते.

आणि मग ती वही. दोन अडीच महिन्यांनी सहज मागची पानं चाळली तर मेल, पाठ, डॉक्टर ह्यांच्यामध्ये एक नाव सारखं होतं. दादा. दादा. पुन्हा दादा. माझा भाऊ, त्याच्याशी दोन वर्षं बोलणं बंद होतं, कारण काय ते जाऊ दे, चूक बरीचशी माझी होती. मी त्याला रोज व्यत्यय म्हणून लिहून बाजूला सारत होते.

त्या दिवशी बायबलमधली छोट्या शमुवेलाची गोष्ट पुन्हा वाचली, मंदिरात एली याजकाच्या हाताखाली वाढणारा मुलगा. रात्री देवाची हाक येते आणि तो तीनदा उठून एलीकडे धावतो, कारण त्याला तो ओळखीच्या माणसाचाच आवाज वाटतो. संडेस्कूलमध्ये मला ते गमतीचं वाटायचं. आणि जे ऐकायला मिळालं ते काही गोड नव्हतं, एलीच्याच घराबद्दलचा निर्णय होता, सकाळी ते सांगायला शमुवेल घाबरला. मलाही फोन करायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा. पण नोकरीसारखी धडधड नव्हती, आणि "करते" असं मनात म्हटलं की एक शांतपणा यायचा, तो दुसऱ्या दिवशीही असायचा.

तरी तीन आठवडे काढलेच. कारणं सांगत राहिले, त्याने काय म्हटलं होतं, मी किती सोसलं. बायबलमध्ये होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्याचंही असंच झालंय, वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती मंद वाणी हे सगळ्यांना माहीत असतं, पण देव त्याला काय विचारतो ते बघा, "तू इथे काय करतोयस?" दोनदा विचारतो. आणि एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं जवळजवळ शब्दाला शब्द ऐकवतो. मी उत्तराची वाट बघत बसले होते आणि समोरून प्रश्न आला होता.

एका रविवारी भांडी घासता घासता हात पुसले आणि फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच आला, म्हणाला, "काय गं, सगळं ठीक ना?" आणि मी ठरवलेलं सगळं विसरून नुसती रडले.

अजूनही रोज बसते. कालच्या पानावर लिहिलंय, पाठ, मेल, झोप.