अक्षतांची वाळू

मी ठाण्यातील एका मराठी शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवते. मागच्या हिवाळ्यातील एका शनिवारी, खडकांवरचा पाठ सुरू असताना, नववीतील एका मुलाने आजीने कन्याकुमारीहून आणलेली वाळूची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, देवीच्या लग्नातल्या अक्षतांचे हे दगड झालेत." मी घाईत "ती नुसती गोष्ट आहे रे" असे म्हणून पुढे शिकवू लागले. त्याने पुडी उचलून खिशात टाकली आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. माझे चुकले होते, हे मला तेव्हाच जाणवले.

साडेअकराला शाळा सुटली, तेव्हा त्याची आजी त्याला न्यायला आली होती. मी दोघांना प्रयोगशाळेत बोलावले आणि म्हटले, "आजी, मला ती गोष्ट पूर्ण ऐकायची आहे." आजींनी पदर सावरला आणि अगदी ओळखीच्या घरातले लग्न सांगावे तशी ती सांगितली. बाणासुराला मरण येणार ते कुमारिकेच्याच हातून, म्हणून देवीचे लग्न होऊ नये अशी देवांची इच्छा होती. जवळच्या शुचींद्रम गावाहून शंकर वरात घेऊन रात्री निघाले, तर नारदाने कोंबड्याचे रूप घेऊन वेळेआधीच बांग दिली. पहाट झाली, मुहूर्त टळला असे समजून वरात मागे फिरली आणि लग्नासाठी आणलेले तांदूळ-धान्य तसेच किनाऱ्यावर पडून राहिले. "मुहूर्त टळला की अक्षता हातातच राहतात हो, बाई," आजी म्हणाल्या, आणि क्षणभर थांबल्या. देवीने एका पायावर उभे राहून तप केले तो समुद्रातील खडक, म्हणजे श्रीपाद पारै, त्यांनी होडीतून जाऊन पाहिला होता. १८९२ च्या डिसेंबरात विवेकानंद ध्यानाला बसले ते तिथेच आणि १९७० साली तिथे स्मारक उभे राहिले ते आपल्या एकनाथजी रानड्यांच्या खटपटीमुळे, हेही त्यांनी नातवाला आवर्जून सांगितले.

मग मी पांढऱ्या कागदावर चिमूटभर वाळू पसरून भिंग त्यांच्या हाती दिले. भिंगाखाली डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल, काजळासारखे काळे, मधाच्या रंगाचे आणि तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे वेगवेगळे दिसू लागले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जोरदार चुंबक वरून फिरवताच काळे कण सरसरत त्याला चिकटले आणि त्यांच्यामागून काही लालही ओढले गेले. काळे ते इल्मेनाइट, लाल ते गार्नेट, ही दोन्ही खनिजे. पांढऱ्यात बहुतेक गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण, आणि पिवळसर दाण्यांत मोनाझाइट असू शकते, ज्यात किरणोत्सारी थोरियम असते, म्हणून नंतर सगळ्यांनी हात धुवायचे, असे मी बजावले.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातला आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. दक्षिण टोकाचे खडक मात्र ५० कोटी वर्षांहून जुने असून, जमिनीखाली खोलवर उष्णता आणि दाब सोसून त्यांचे रूप पालटले आणि त्यातच गार्नेट तयार झाले. ते खडक झिजून कण किनाऱ्यावर येतात, लाटा हलकी गार वाहून नेतात आणि तिच्याहून दीडपट-पावणेदोनपट जड असलेले हे दाणे मागे राहतात, म्हणून तिथे रंगांचे पट्टे दिसतात. हे सांगताना मला प्रथमच उमगले की ज्या कोणी ही कथा रचली, त्यांनी हा किनारा अतिशय बारकाईने पाहिला होता: इथले दाणे इतर वाळूसारखे नाहीत आणि ते कशाचे तरी मागे राहिलेले शेष आहेत, हे त्यांनी अचूक हेरले होते. सकाळी मी त्या मुलाला जे म्हटले त्याबद्दल मी त्याची माफी मागितली.

तो स्वतः चुंबक फिरवून काळे दाणे एका वाटीत जमवू लागला. आजींनी मात्र वाटीतले सगळे दाणे पुन्हा कागदावर ओतले, बोटाने एकत्र कालवले आणि त्यांचे दोन भाग केले. "अर्ध्या तुमच्या प्रयोगाला ठेवा, बाई," त्या म्हणाल्या, "अर्ध्या मी देव्हाऱ्यात ठेवते."