तुम्ही विचारलंत म्हणून: वायपर स्वस्तातलेच का?

"गाडी एवढी जपता, मग वायपर तेवढे स्वस्तातले का?" हा प्रश्न मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, आणि सख्खा भाऊ तर दर पावसाळ्यात विचारतो. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. एक तर बाई चिकट आहे, नाहीतर बाईला गाडीतलं कळत नाही. दोन्ही ऐकून घेतलं. आता एकदा नीट सांगते.

माझं राहणं कराडला आणि माहेर चिपळूणला. मधे कुंभार्ली घाट. कराडात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाटेवरच्या कोयनानगरला चार-पाच हजार. म्हणजे माझ्या वायपरला आठ महिने नुसतं ऊन खायचं असतं आणि मग एका दुपारी, पाटण सोडलं की, एकदम सगळं काम अंगावर येतं. पुण्यातल्या माणसाचा सल्ला मला म्हणूनच पुरत नाही.

रबर पावसानं मरत नाही, उन्हानं मरतं. एप्रिलमध्ये कराडचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उभ्या गाडीच्या काचेला हात लावून बघा. त्या काचेवर रबराची पातळ कड दिवसभर दाबून बसलेली असते. पावसात ही कड प्रत्येक फेरीला उलटी वळावी लागते, जाताना एका अंगाला, येताना दुसऱ्या. ती कडक झाली की वळत नाही, उड्या मारत घासत जाते. तुमच्या गाडीचा तो थरथरता आवाज बहुतेक वेळा यातूनच येतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला बारीक चिरा पाडतात, आणि पाकीट महागाचं होतं म्हणून त्या पडायच्या थांबत नाहीत. बहुतेक कंपन्या स्वतःच सहा महिने ते वर्षभरात वायपर बदला म्हणतात. वर्षाला बदलायचाच आहे, तर मी तीन-चारशेचा फ्रेमवाला, म्हणजे सांगाड्यात रबर धरलेला, वायपर का घेऊ नये?

सिलिकॉनचं रबर उन्हात जास्त टिकतं, हे मला मान्य आहे. ते नाकारायला मी बसलेले नाही.

आणि 'स्वस्त' म्हणजे काहीही नव्हे. रस्त्यावर टांगलेला, नाव-गाव नसलेला वायपर मी घेत नाही. नावाजलेल्या कंपनीचा साधा, लोखंडी फ्रेमचा, मेच्या शेवटी, मृगाच्या आधी घेते. घरून टेपनं दोन्ही बाजू इंचांत मोजून नेते, कारण बहुतेक गाड्यांत ड्रायव्हर साइडचा लांब असतो आणि क्लीनर साइडचा, म्हणजे डावीकडचा, आखूड, आणि काउंटरवरचा मुलगा गाडीचं नाव ऐकून अंदाजानं देतो. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते आधी वाचते, कारण दुकानाच्या फळीवरही रबर म्हातारं होतं. मग कडेवरून बोट फिरवते. कुठे खरखर लागली, कुठे कड लाटेसारखी वाटली, तर परत देते. डुप्लिकेट माल इथेच उघडा पडतो, वेष्टनावर नाही.

पूर्वी मी याच्या अगदी उलट बोलायचे. "जिवाशी खेळ आहे, वायपरवर कसली काटकसर?" हे वाक्य माझंच. तेव्हा मी फ्रेम नसलेली, सलग पट्टीची महागडी जोडी घेतली होती. मोठ्या दुकानातून, त्यांच्याच माणसाकडून बसवून. त्या खोक्यात प्लास्टिकचे वेगवेगळे अडॅप्टर होते. बहुतेक गाड्यांच्या दांड्याला वायपर अडकवायचा आकडा (हूक) असतो, पण त्याची रुंदी-जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून एकाच वायपरला चार तऱ्हेचे जोड देतात. बसवणाऱ्यानं जो हाताला लागला तो घातला. मी तिथेच उभी होते. त्यानं वायपर दोनदा चालवून दाखवला, काच स्वच्छ पुसली गेली, मी पैसे दिले.

त्या जुलैच्या अखेरीला चिपळूणला आई न्हाणीघरात पडली. फोटो काढला तर खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन कराडला करायचं ठरलं, मी आहे तिथे, म्हणजे पुढचं सगळं बघता येईल. रुग्णवाहिका यायला वेळ लागत होता आणि अंधाराआधी घाट चढायचा होता. दादानं आईला मागच्या सीटवर आडवं घेतलं, तिचा पाय मांडीवर धरून बसला. मी चालवत होते. प्रत्येक खड्ड्याला आई "आई गं" म्हणायची आणि लगेच, "चालव तू, मला काही नाही." शिरगाव गेलं, पोफळी गेली. घाट लागला आणि पावसानं पुढचं सगळं पांढरं केलं. वायपर जोरात टाकला.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर माझ्या समोरचा वायपर निघाला. आधी एक टोक सैल होऊन फडफडलं, मला वाटलं फांदी अडकली. मग तो उडाला आणि दरीकडे गेला. उरला उघडा दांडा. त्याचं लोखंडी टोक काचेवरून कर्रर्र करत गेलं आणि परत आलं. मी स्विच बंद करेपर्यंत काचेवर, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, पांढरी कमान ओढली गेली होती. पुढे काही दिसत नव्हतं. मागून ट्रकचा हॉर्न. वळणावर थांबता येत नाही आणि पुढे जाता येत नाही. खिडकी उघडून, डोकं बाहेर काढून, डोंगराकडच्या गटाराच्या कडेनं मी गाडी थोडी पुढे सरकवली आणि रुंदीच्या जागी उभी केली. पार्किंग लाइट लावले. आई विचारत होती, "काय झालं?" दादा तिला सांगत होता, "काही नाही, चहाला थांबलोय." त्या पावसात, त्या दरडीखाली.

मागचा ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर डोक्यावर पोतं घेऊन आला. त्यानं एकदा काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, क्लीनर साइडचा काढा की. त्यो हिकडं बसतोय." मला खरंच सुचलं नव्हतं. डाव्या बाजूचा आखूड वायपर त्यानं काढला, अडॅप्टर हातात धरून हलवून दाखवला. "ह्यो तुमच्या गाडीचा न्हाईच. जरा ढिला हाय." आपल्या केबिनमधून त्यानं रबरी ट्यूबची पट्टी आणली, अडॅप्टर आणि आकड्यावर आवळून बांधली. डाव्या दांड्याला माझी ओढणी गुंडाळली, म्हणजे तो काच खाणार नाही. मग खिशातली तंबाखू ओली करून डाव्या काचेवर चोळली. जुने ट्रकवाले, एसटीवाले असं करायचे हे ऐकून होते. पाणी थेंबाथेंबानं न चिकटता सपाट वाहतं, थोडं तरी दिसतं. पैसे त्यानं घेतले नाहीत. "हेळवाकपातुर माझ्या मागनं या," एवढंच बोलला. हेळवाक म्हणजे घाट चढून गेल्यावरचं गाव.

आखूड वायपर काचेचा वरचा भाग पुसत नव्हता. मी मान खाली घालून त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून घाट चढले. आई तेवढा वेळ काही बोलली नाही. ती ओरडत होती तेव्हा बरं वाटत होतं, असं दादा नंतर म्हणाला.

ऑपरेशन झालं. आई आता वॉकर घेऊन चालते. पावसाळ्यात घाटातून यायला मात्र ती तयार होत नाही. काचेवरची कमान घासून निघणारी नव्हती. खोल ओरखडा घासून काढायला गेलं की तिथली काच लहरते आणि समोरच्या गाडीचा दिवा पसरतो. पूर्ण काच बदलली. दुकानानं हात वर केले, "बसवताना ठीक होतं, तुम्हीच बघितलंत." हो, बघितलं होतं. जोड आतून कसा बसतो हे बघणं त्यांचं काम होतं, माझं नव्हे.

दादाचं म्हणणं असं, की यात महाग वायपरचा काय दोष? चुकीचा अडॅप्टर स्वस्त वायपरलाही बसवता आला असता. बरोबर आहे. फ्रेमवाल्यालाही प्लास्टिकचा जोड असतोच. मी त्याला म्हणते, जो मी स्वतःच्या हातानं काढू-घालू शकते, ज्याच्या बसण्याचा 'टक्' मला ऐकू येतो आणि जो ओढून बघते, तोच माझा. तो म्हणतो, मग महागडा स्वतः बसव. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. त्या रात्रीनंतर त्या पट्टीच्या वायपरला हात लावावासा वाटत नाही, हेही त्यात आहे. ते तर्काचं नाही, पण खरं आहे.

तेव्हा मला विचारत असाल तर किंमत शेवटी विचारा. आधी काच भांड्याच्या साबणानं धुवा. ट्रक-एसटीच्या धुराचा तेलकट थर आणि वॉशिंगवाल्याचं पॉलिश काचेवर असेल तर कुठलाही वायपर थरथरेल. बारीक रेघ राहत असेल तर कड कापली आहे किंवा तिच्यात कचरा आहे. रुंद पट्टा कोरडा पुसला जात नसेल तर दाब कमी पडतोय, म्हणजे फ्रेम वाकली आहे किंवा दांड्याची स्प्रिंग थकली आहे, आणि तिथे बाराशेचा वायपरही तेच करेल. फ्रेम चांगली असेल तर नुसतं रबर बदला. स्पेअरच्या दुकानात ते शंभर-दीडशेला मिळतं, फक्त जुनं बरोबर न्या, म्हणजे रुंदी जुळेल. आणि वायपर काढलात की उघडा दांडा काचेवर सोडू नका, खाली जाड फडकं घाला. स्प्रिंगनं तो आपटला तर काच जाते.

आता लेकीनं नवीन गाडी घेतली आहे. तिच्या दांड्याला आकडाच नाही, बटण दाबून सुटणारा जोड आहे, आणि काच बरीच वाकडी. साधी फ्रेम तिला बसत नाही. सलग पट्टी वाकड्या काचेला सगळीकडे सारखी दाबून बसते हे मी तिच्या गाडीत बसून बघितलं आहे, आणि दादाला सांगितलंही आहे. तिच्या वायपरमध्ये नुसतं रबर सरकवून बघितलं. ड्रायव्हर साइडला उत्तम चालतं. क्लीनर साइडला वरच्या टोकाशी बोटभर पट्टा ओला राहतो. रबराची रुंदी चुकतेय की पट्टीचा बाक गेलाय, हे अजून कळलेलं नाही, आणि मृग तोंडावर आला आहे.