बुडापेस्टमध्ये जानेवारीतला एक वाढदिवस: पहाटेचे ऊन पाणी आणि संध्याकाळचा किल्ला

पत्नीचा पन्नासावा वाढदिवस ३० जानेवारीला होता आणि तो घरातल्या गर्दीत नव्हे, तर कुठेतरी दोघांनीच साजरा करावा, असे तिने वर्षभर आधीच सांगून ठेवले होते. बुडापेस्ट निवडले ते तिनेच. चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरात ३० जानेवारी १९१३ रोजी झाला, हे तिला ठाऊक होते, आणि तारखेचा हा योगायोग तिला पुरेसा वाटला. मला मात्र एकच चिंता होती: भर हिवाळ्यात तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचला मावळतो. साडेनऊ तासांच्या उजेडात एवढे मोठे शहर कसे पाहायचे?

यावर आम्ही काढलेला तोडगा असा होता की ज्याला उजेड लागत नाही, ते अंधारात उरकायचे. म्हणून दिवसाची सुरुवात सेचेनी स्नानगृहापासून केली. शहराच्या उद्यानातले हे पिवळे, राजवाड्यासारखे स्नानगृहही १९१३ सालचेच. जमिनीखाली सव्वा किलोमीटर खोल विहिरीतून येणारे पाणी मुळात पंचाहत्तर अंशांहून अधिक तापलेले असते आणि ते निववून कुंडांत सोडतात. उघड्यावरची तीन कुंडे हेच त्याचे खरे वैभव आहे, आत आणखी पंधरा आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते सकाळी सातला उघडत होते (शनिवार-रविवारी उशिरा उघडते, तेव्हा जाण्यापूर्वी वेळ तपासून घ्यावी), आणि आम्ही दारात उभे होतो तेव्हा बाहेर उणे चार अंश होते.

दारापासून कुंडापर्यंतची वीस-पंचवीस पावले ही दिवसातली सर्वांत कठीण पावले होती. त्यानंतर मात्र अडतीस अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसले की वाफेपलीकडे दोन हातांवरचा माणूसही दिसत नाही, आणि आकाश हळूहळू काळ्याचे निळे होत जाते. पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा मी छायाचित्रांत पाहिले होते, ते एवढ्या सकाळीही हजर होते. अर्ध्या तासाने पत्नी म्हणाली, “अहो, माझे केस वाजतायत.” खरोखरच तिच्या पाठीवरच्या बटांची टोके गोठून कडक झाली होती. काही अनुभवी मंडळी लोकरी टोपी घालूनच पाण्यात बसली होती, त्यांचे शहाणपण तेव्हा कळले.

जाणाऱ्यांनी टॉवेल, रबरी चपला आणि टोपी बरोबर न्यावी, आणि जमल्यास एक अंगावर घेण्याचा झगाही. टॉवेल काठावर टांगून ठेवाल तर तोही गोठतो. ज्या कुंडात फक्त पोहायचे असते तिथे पोहण्याची टोपी सक्तीची आहे. केस पूर्ण वाळवल्याशिवाय बाहेर पडू नये, त्यासाठी वीस मिनिटे वेगळी धरावीत.

ओले सामान दिवसभर वाहायचे नव्हते, म्हणून आम्ही मुद्दाम स्नानगृहापर्यंत जाणाऱ्या मेट्रोच्या पहिल्या मार्गावर राहण्याची जागा घेतली होती आणि तसाच सल्ला मी इतरांनाही देईन. १८९६ साली सुरू झालेला हा मार्ग रस्त्याच्या जेमतेम खालून धावतो. दहा-पंधरा पायऱ्या उतरल्या की फलाट, आणि पिवळे, बुटके डबे खेळण्यातल्या गाडीसारखे. तिकिटाबद्दल एक इशारा: कागदी तिकीट यंत्रात घालून छाप मारून घ्यावे लागते, नुसते खिशात असून चालत नाही, आणि तपासनीस पर्यटकांना मुळीच सवलत देत नाहीत. दिवसभर फिरायचे असेल तर चोवीस तासांचा पास घ्यावा. विमानतळावरून येणाऱ्या १००ई क्रमांकाच्या बसला मात्र तो पास चालत नाही, वेगळे तिकीट लागते.

केकऐवजी आम्ही दोबोश टोर्ट कापला. योझेफ दोबोश या मिठाईवाल्याने तो १८८५ मध्ये बुडापेस्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडला होता. पातळ थरांमध्ये चॉकलेट आणि लोण्याचे सारण, आणि वर साखरेच्या पाकाचा काचेसारखा थर, जो चमच्याने फोडावा लागतो. (यात अंडे असते, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) भारतातून येणाऱ्या शुभेच्छांचे फोन आदल्या संध्याकाळी साडेसातलाच सुरू झाले होते, कारण आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र झालेली असते. त्यामुळे या वेळी कोणी व्यत्यय आणला नाही.

दुपारी बाराला संसद भवन. याचे तिकीट कित्येक दिवस आधी ऑनलाइन काढावे, कारण इंग्रजी फेऱ्या लवकर भरतात आणि युरोपीय नागरिकांपेक्षा आपल्याला जास्त दर पडतो. सुरक्षा तपासणीसाठी वीस मिनिटे आधी पोहोचावे. घुमटाची उंची ९६ मीटर आहे, कारण ८९६ हे मज्यार (म्हणजे हंगेरियन) लोक या प्रदेशात आल्याचे वर्ष मानले जाते. सोन्याच्या मुलाम्यापेक्षाही मला आवडल्या त्या सभागृहाबाहेरच्या भिंतीलगतच्या पितळी खोबणी. आत भाषण ऐकायला जाताना सभासद आपली सिगार आपल्या क्रमांकाच्या खोबणीत ठेवून जात. घुमटाखाली हंगेरीचा राजमुकुट आहे, ज्याच्या माथ्यावरचा क्रूस वाकलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ठेवलेला हा मुकुट १९७८ मध्ये परत आला. त्या दालनात छायाचित्र काढू देत नाहीत.

तिथून नदीकाठाने दक्षिणेकडे थोडे चालले की लोखंडी जोड्यांची रांग लागते: पुरुषांचे बूट, बायकांचे टाचांचे जोडे, लहान मुलांची पादत्राणे, एकूण साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीच्या फॅसिस्टांनी इथे ज्यूंना बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि देह डॅन्यूबमध्ये पडू दिले. त्यांचे हे स्मारक २००५ चे आहे. कोणीतरी एका लहान बुटात फूल ठेवले होते. आम्ही काही बोललो नाही. नदीकाठचा वाहता रस्ता ओलांडण्याच्या जागा मोजक्याच आहेत, त्यामुळे नकाशा आधीच पाहून ठेवावा.

दोन नंबरची ट्राम नदीकाठानेच जाते. ती साखळी पुलाजवळ सोडून आम्ही १६ नंबरची बस धरली, जी पुलावरून थेट किल्ल्याच्या टेकडीवर चढते. मच्छीमार बुरुजाच्या वरच्या सज्ज्याला तिकीट आहे, पण खालचे कठडे मोफत आहेत आणि दृश्यात फरक नगण्य वाटला. साडेचारला जागा धरावी. सूर्य मागे बुडाच्या डोंगराआड जातो, समोर नदीपलीकडच्या पेस्ट भागावर निळसर काळोख पसरतो, आणि मग एकेक करून पूल आणि संसद भवन उजळते. फरशांवर बर्फाचा पातळ थर होता, म्हणून खाली उतरताना खाचांच्या तळव्याचे बूट हवेतच.

रात्रीच्या जेवणात शाकाहाऱ्यांनी ‘गुयाश’ टाळावा, त्यात गोमांस असते. तळलेला लांगोश, वर आंबट साय आणि चीज, हा आम्हाला पोटभर पुरला. बिलात सेवाशुल्क बऱ्याचदा आधीच लावलेले असते, ते पाहूनच बक्षिसी द्यावी. पैसे देताना ‘कोसोनोम’ म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणालात तर उरलेले सुटे ठेवून घ्या, असा त्याचा अर्थ घेतला जातो. मी तीन वेळा सौजन्याने म्हणालो आणि तीन वेळा सुटे पैसे गमावले.

खोलीवर परतलो तेव्हा सकाळी हीटरवर टाकलेले टॉवेल पापडासारखे कडक झाले होते.