घडीची रेघ

शेवटचा बझर वाजला आणि पोरं बास्केटबॉलचा सामना एका पॉइंटनं हरली. बाकीचे कोर्टवरच फतकल मारून बसले. बारा नंबरचा तेवढा पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता.

भाच्यापायी यंदा सीझनभर मी त्याच्या कॉलेजच्या टीममागे फिरलो. शेवटच्या क्वार्टरला भाच्याचा पाचवा फाउल झाला. म्हणजे बाहेरच. कोचनं बेंचकडे पाहिलं, तशी या बारा नंबरच्या पोरानं ट्रॅकसूटची चेन अर्ध्यापर्यंत खाली ओढली.

कोचनं दुसऱ्यालाच पाठवलं. चेन परत वर.

नंतर सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. तेव्हा दिसलं, बाकीच्यांच्या जर्सी घामानं चिंब आणि याच्या जर्सीवर घडीची रेघ जशीच्या तशी. म्हटलं, "वाईट वाटलं का रे?"

हसला. "नाही ना काका. सकाळी आईनं इस्त्री करून देली, तेवढी खराब नाही झाली."

तर्रीचा ठसका लागल्याचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

कोचचंही चुकलं नाही म्हणा, बरोबरीत सामना असताना कोण जोखीम घेईल? पण 40 मिनिटांचा खेळ, त्यात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. सीझनच्या सोप्या सामन्यांतही याच्यासाठी दोन मिनिटं निघाली नाहीत?

आता नागपूर विद्यापीठाच्या टीमची निवड होईल, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. भाचा आशेवर आहे. बारा नंबरचं हे शेवटचं वर्ष.

तुमच्या कॉलेजच्या टीमच्या फोटोत कडेला उभा असलेला कोण होता, आठवते का?