पहिलं गाणं बाहेर काढताना: आधी कागद, मग माइक

आपल्या भागात गळ्यांना तोटा कधीच नव्हता. कुमार गंधर्व जन्मले ते इथल्याच सुळेभावीत. आजही बेळगाव, खानापूर, निपाणीत गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गाणारी आणि घरी स्वतःच्या चाली बांधणारी पोरं-पोरी भरपूर आहेत. गाडी अडते ती स्वतःचं गाणं स्वतःच्या नावावर बाहेर काढताना.

मोठा स्टुडिओ लागत नाही. अमेरिकन गायिका बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसच्या घरी, भावाच्या छोट्या खोलीत रेकॉर्ड झाला. कंडेन्सर माइक, तो लॅपटॉपला जोडणारा आणि त्याला लागणारी वीज (४८ व्होल्ट फँटम पॉवर) देणारा इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि लॅपटॉप पुरतो. तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’-‘फ’चे झोत अडवणारी जाळी. सर्वांत जोरकस ओळसुद्धा रेकॉर्डिंगच्या मीटरवर -६ डेसिबलच्या खाली राहू दे. आवाज फाटला की तो टेक पुन्हाच घ्यावा लागतो. वाकळ टांगायची ती गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड त्या भिंतीकडे असतं आणि तिथून परतलेला आवाज थेट आत शिरतो. पत्र्याचं घर असेल तर गायन पावसाळ्याआधी उरकून घ्या. रेकॉर्डिंगमधून पावसाचा आवाज काढून टाकायला गेलं की गळाही पोकळ होतो. घुंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तो थांबला तर बहुतेक अर्थिंगचा दोष.

खरी काळजी कागदाची. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण, हे पहिल्या टेकआधीच लिहून सह्या करा. जिवलग मित्र असला तरी. शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे त्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. म्हणून ‘मी फुकट करून देतो’ म्हणणाऱ्याशी आधी नीट बोला. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागतेच. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तयार करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द घातलेले असतात. ते वाचल्याशिवाय सही करू नका, घाई कितीही करू द्या.

नेटवर फुकट मिळणारं तयार संगीत, म्हणजे ‘फ्री बीट’, हा दुसरा खड्डा. तीच बीट आणखी कितीतरी जणांनी घेतलेली असते. त्यातल्या कुणी कंटेंट आयडीत (गाणी ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत) आधी नोंदवली असेल तर यूट्यूबवर तुमच्याच गाण्यावर दावा येतो. आपल्याकडे ढोलकी-हार्मोनियम वाजवणारे शेजारच्या गल्लीत आहेत, त्यांना घ्या.

वितरकाकडे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं देताना कलाकाराचं नाव दरवेळी एकाच स्पेलिंगमध्ये भरा, नाहीतर दोन प्रोफाइल होतात. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख असलेला १२ अक्षर-अंकांचा कोड जपून ठेवा; पुढे वितरक बदलला तरी तोच द्यायचा, म्हणजे गाणं किती वेळा ऐकलं गेलं याचे जुने आकडे जुळण्याची शक्यता राहते. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे गाणं प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, पण प्रदर्शनाची तारीख ३-४ आठवडे पुढचीच धरा. शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासदत्वही घ्या. वितरकाकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे असतात, गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी आयपीआरएसच्या वाटेने येते.