दरबारीचा गंधार हलतोय की रेकॉर्ड? क्रमवारी तिसऱ्या जागेवर अडकली

शास्त्रीय संगीताच्या एलपींची क्रमवारी लावतोय, त्यातल्या पहिल्या दोन जागा गेल्या वेळी ठरल्या त्याच आहेत. तिसरीसाठी अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारी आणि किशोरीताईंची भूप-बागेश्री यांच्यात रस्सीखेच चालू होती. पारडं दरबारीकडे झुकत होतं, तेवढ्यात दरबारीच्या बाजूच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात तानपुऱ्याचा सूरच डुलायला लागला.

दरबारीत गंधार आंदोलितच, म्हणजे संथ झुलताच, असतो, त्यामुळे हा दोष लवकर कानात भरत नाही. ओळखायचा तर गाणं सोडा आणि फक्त तानपुरा ऐका. ३३⅓च्या वेगात रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा. षड्ज बरोबर त्याच ठेक्यात वरखाली होत असेल, तर ते आंदोलन गवयाचं नव्हे, रेकॉर्डच्या मधल्या भोकाचं. खात्री करायची तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या स्वरांचं चित्र, उघडा. तानपुऱ्याच्या आडव्या रेघा सरळ हव्यात. त्या नागमोडी दिसल्या, आणि त्यातही वरच्या रेघा जास्त नागमोडी, तर भोक मध्यावर नाही.

आकडे बघा. टोनआर्म (सुईचा दांडा) आतबाहेर मिळून १ मिमी झुलत असेल तर भोक अर्धा मिमी सरकलेलं. बाहेरच्या खाचांत, १४५ मिमी त्रिज्येवर, त्याने स्वर दोन्हीकडे सुमारे ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. लेबलाजवळ ६० मिमीवर तोच दोष १४ सेंट होतो, म्हणजे एकूण २८. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, साधारण २२ सेंटची. मिरजेच्या तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना हे कसं चालावं?

उपाय जुनाच: भोक थोडं मोठं करायचं. साधारण ७.२ मिमीचं भोक गोल बारीक कानशीने ८.५पर्यंत न्यायचं. त्याआधी दोन्ही बाजूंच्या खाचा कागदाने झाका, कारण व्हिनाइलचा भुगा आत बसला की कायमची चरचर. रीमर (भोक रुंदावायचं फिरतं हत्यार) वापरू नका, कडेला चिरा जाऊ शकतात. मग हेडशेलशेजारी (आर्मच्या टोकाला सुई बसते तिथे) आलेख कागदाची पट्टी उभी करा, आवाज बंद ठेवून सुई टेकवा. आर्म आत सर्वांत जास्त गेला की प्लॅटर थांबवा, सुई उचला आणि रेकॉर्ड सुईच्या बाजूला झोक्याच्या निम्म्याने सरकवा. वर वजन ठेवा, नाहीतर पुन्हा सरकते. झोका ०.२ मिमीच्या आत आला की पुरे, लेबलाजवळही ३ सेंटच उरतात.

आर्म वरखाली होत असेल तर ते वाकलेपण. तो निराळा आजार, कानशीने बरा होत नाही.

आणि इथेच घोळ. दरबारी स्थिर झाली, रेकॉर्ड उलटली, तर आधी ठणठणीत असलेला मारवा डुलतोय! दोन बाजूंचे साचे वेगवेगळे बसवतात, म्हणून भोक एकच असलं तरी प्रत्येक बाजूचा मध्य आपापला. आता प्रत्येक बाजू लावताना ती नव्याने मध्यावर आणावी लागते. लेबलावर पेन्सिलीची खूण आणि स्पिंडलच्या (प्लॅटरमधल्या खुंटीच्या) टोकाला एक ठिपका ठेवला तर काम पटकन होतं.

यावरून सुचलं: क्रमवारी अल्बमांची कशाला, बाजूंची का नको? मारवा आणि दरबारी एका कव्हरात आले हा कंपनीचा हिशोब. बाजूवार लावलं तर दरबारी तिसरी, भूप चौथा, मारवा सहावा, बागेश्री आठवी. अडचण ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या वाद्यसंगीताच्या अल्बमची. तिथे पहाटेच्या अहिर भैरवापासून शेवटच्या पहाडीपर्यंत एकच दिवस सरतो, तो अर्धा कसा मोजणार? त्याला अख्खाच पाचवा ठेवलाय. ५६ गाण्यांचं गीतरामायण एका एलपीत मावत नाही, म्हणून क्रमवारीबाहेर. गदिमा आपल्या आटपाडी तालुक्यातले असले तरी नियम तो नियम. अब्दुल करीम खाँसाहेबांची एलपीही बाहेर: मूळ तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८च्या तबकड्या, त्यांची तुलना वीस मिनिटांच्या ख्यालाशी करणं अन्याय.

जाता जाता एक खुशखबर. पुराचा गाळ बसलेली कुमारजींची (कुमार गंधर्वांची) एलपी वाजली, आणि चक्क स्वच्छ वाजली. गाळ कोरडा कधीच पुसू नये, बारीक रेती खाच खरवडते. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणे, मग तीन भाग पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. ७८वर मात्र अल्कोहोलचा थेंबही नको, लाख विरघळते. ‘युनिव्हर्सल’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त सुयांच्या नादी लागू नका. आतल्या खाचांत स, श फुटतात. इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

कुमारजींची ती एलपी अजून क्रमवारीत नाही. तिच्याही एका बाजूला आर्म पाऊण मिमी झुलतोय. आधी कानस, मग क्रमांक.